आईच्या मनाचा रकाना



मागच्या भागात आम्ही अंगणवाडीतल्या वजनाच्या तक्त्याबद्दल बोललो होतो. त्यानंतर गटांकडून जे निरोप आले त्यांत एक प्रश्न निरनिराळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा आला. घरात खायला आहे, अंगणवाडीची पाकिटं मिळतात, लसी वेळच्या वेळी झाल्या, तरी एखादीचं बाळ बाळसं का धरत नाही? एका गटानं त्याच्याच खाली लिहिलं होतं की आईच सुकून गेली आहे, ती कुणाशी धड बोलत नाही.

आजचं बोलणं या शेवटच्या ओळीबद्दल आहे. आई आतून कोमेजली की लेकराला ते कळतं, हे आपल्या आज्यांना ठाऊक नव्हतं असं नाही. पण योजनांनी आणि दवाखान्यांनी तो प्रश्न कधी विचारला, कुठे विचारला, आणि विचारल्यावर त्या आईच्या मदतीला कोण गेलं, याचा एक इतिहास आहे. तो फार जुना नाही. त्यात मोठं काम करणाऱ्या बाया बहुतेक गावातल्याच आहेत, आपल्याइतक्याच शिकलेल्या. म्हणून तो गटांत सांगावासा वाटतो.

सुरुवात आपल्याच मुलखातून करू. ताराबाई मोडक यांनी भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर बालशिक्षणाचं काम केलं होतं. पण ते शिक्षण शहरातल्या, पैसेवाल्या घरांतल्या मुलांपुरतं राहतं, ही गोष्ट त्यांना खुपत होती. १९४५ साली त्यांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. अनुताईंचं लग्न तेराव्या वर्षी झालं होतं आणि काही महिन्यांतच त्या विधवा झाल्या होत्या. शिकून त्या शिक्षिका झाल्या आणि पुढचं सगळं आयुष्य त्यांनी या कामाला दिलं. नंतर हे काम डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर गेलं, वारली पाड्यांच्या शेजारी.

तिथे बालवाडी उघडली तरी मुलं येईनात. का येत नाहीत हे बघायला बाई पाड्यावर गेल्या, तेव्हा कारण दिसलं. आई मजुरीला गेलेली, मोठी बहीण धाकट्याला कडेवर घेऊन बसलेली, आणि थोडा मोठा भाऊ गुरांमागे. मग मूल बालवाडीत येत नसेल तर बालवाडीच त्याच्या अंगणात न्यायची, असं त्यांनी ठरवलं. अंगणवाडी ती हीच. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणात शाळा भरू लागली. कडेवरच्या भावंडामुळे मोठीचं शिक्षण अडतं म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली, तिला विकासवाडी म्हणत. खेळणी विकतची नव्हती. पानं, बिया, खडे, शिंपले, जे आसपास मिळेल ते.

आम्हाला यात मोठी वाटते ती एक गोष्ट. मूल का शिकत नाही याचं उत्तर या दोघींनी मुलाच्या डोक्यात शोधलं नाही, त्याच्या आईच्या दिवसभराच्या कामात शोधलं. आईच्या कामापर्यंत त्या पोचल्या होत्या. तिच्या मनाकडे बघायची पद्धत मात्र त्या काळात कुणाजवळच तयार नव्हती.

पुढे २ ऑक्टोबर १९७५ ला देशात एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ ठिकाणी सुरू झाली, आणि अंगणवाडी हे नाव देशभर गेलं. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, गरज पडल्यास मोठ्या दवाखान्यात पाठवणं, शाळेआधीचं शिक्षण, आणि आहार-आरोग्याचं शिक्षण अशा सहा सेवा. रजिस्टरं आली, तक्ते आले. बाळाचं वजन, उंची, दंडघेर. आईच्या लोहाच्या गोळ्या, तिचे धनुर्वाताचे इंजेक्शन. तिला झोप लागते का, ती रडते का, जगावंसं वाटतं का, यासाठी मात्र रकाना नव्हता. यात अंगणवाडीताईला बोल लावण्यात अर्थ नाही. ज्याला रकानाच नाही ते ती लिहिणार कुठे?

कुणी म्हणेल, आपल्या जुन्या रीतीत हे सगळं होतंच की. पहिलं बाळंतपण माहेरी. सव्वा महिना शेक-शेगडी, तेल लावून अंघोळ, अळिवाची खीर, डिंकाचे लाडू. आई, काकू, शेजारच्या म्हाताऱ्या येऊन बसणार, बाळंतीण एकटी पडणार नाही. यात शहाणपण होतं हे आम्ही मानतो, आणि त्यातलं जे गेलं त्याची हळहळही वाटते. पण हे कुणाच्या वाट्याला आलं? जिचं माहेर दोन वेळचं जेवण घालू शकत होतं तिच्या. खुरपणीला जाणारी, उसाच्या फडावर कोयत्याबरोबर जाणारी बाई सव्वा महिना कुठली बसते? आणि मुलगा झाला तर पेढे, मुलगी झाली तर बर्फी, हा फरक मिठाईपुरता राहत नाही हे आपल्याला माहीत आहे. दुसरी-तिसरी मुलगी झालेली बाळंतीण खाटेवर पडून काय काय ऐकत असते! ती रडली तर तिला बाहेरचं काही लागलं म्हणायचं. गप्प बसली तर नाटकं करते म्हणायचं. आणि वरून एक ठरलेलं वाक्य, आम्ही नाही का पोरं वाढवली?

आता थोडं लांब जाऊ. १९८७ साली स्कॉटलंडमधल्या जॉन कॉक्स, जेनिफर होल्डन आणि रूथ सॅगोव्स्की या तिघांनी बाळंतिणींना विचारायचे दहा प्रश्न तयार केले. एडिंबरा शहराच्या नावानं ते ओळखले जातात. गेल्या सात दिवसांत तुम्हाला हसू आलं का, पुढच्या गोष्टींची वाट पाहावीशी वाटली का, उगाच स्वतःला दोष दिला का, कारण नसताना भीती वाटली का, अशा तऱ्हेचे ते प्रश्न. शेवटचा प्रश्न जिवाचं बरंवाईट करण्याचा विचार आला का, हा. अंग दुखतं का, थकवा येतो का, हे त्यात मुद्दाम विचारलेलं नाही. ओल्या बाळंतिणीला थकवा असणारच. ते विचारलं तर सगळ्याच आजारी निघतील. हे बारकाईचं काम होतं, आणि पुढे जगभरातल्या भाषांत ते गेलं. कोकणीतही आलं.

कोकणीत आलं ते गोव्यात. १९९६ साली तिथे संगथ नावाची संस्था सुरू झाली होती. डॉक्टर विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी म्हापशाच्या जिल्हा रुग्णालयात आलेल्या २७० गरोदर बायकांची माहिती घेतली आणि बाळंतपणानंतर त्यांना पुन्हा गाठलं. सहा ते आठ आठवड्यांनी ज्या २५२ जणी भेटल्या, त्यांतल्या ५९ जणी नैराश्यात होत्या. म्हणजे शंभरात २३. हा अभ्यास २००२ मध्ये छापून आला. त्यात आणखी दोन गोष्टी निघाल्या. या ५९ जणींतल्या शंभरात ७८ जणी गरोदरपणातच मनानं खचलेल्या होत्या, पण ते कुणी पाहिलं नव्हतं. आणि निम्म्याहून जास्त जणी सहा महिन्यांनीही त्यातून बाहेर आल्या नव्हत्या. थोडे दिवस रडेल आणि आपोआप ठीक होईल, ही समजूत तिथे खोटी ठरली.

कुणाला जास्त त्रास झाला? जिच्या घरी पैशाची ओढाताण होती तिला. जिला नवऱ्याचा मार होता तिला. आणि मुलगी झाली तर या सगळ्याचा भार आणखी वाढत होता. म्हणजे हा त्रास बाईच्या मनाच्या कमकुवतपणातून आलेला नव्हता. पेढे आणि बर्फीचा हिशेब म्हापशालाही तोच होता. पुढच्या वर्षी याच मायलेकरांचा दुसरा अभ्यास आला. नैराश्यात असलेल्या आयांची बाळं सहा महिन्यांची झाली तेव्हा वजनानं आणि लांबीनं मागे पडलेली होती.

मग प्रश्न असा की करायचं काय? शंभरात २३ आया म्हणजे गावोगाव आया. त्यांना पुरतील एवढे मनाचे डॉक्टर आपल्याकडे नाहीत, आपल्या शेजारच्या देशांतही नाहीत. याचं एक उत्तर पाकिस्तानात, रावळपिंडीच्या आसपासच्या खेड्यांत शोधलं गेलं.

तिथे १९९४ पासून लेडी हेल्थ वर्कर आहेत. आपल्या आशाताईसारख्याच, गावातल्याच बाया. आपल्याकडे आशाताई २००५ नंतर आल्या, त्या आधीपासून आहेत. एकीकडे साधारण हजार माणसांची वस्ती. लसीकरण, गरोदर बाईची भेट, पाळणा लांबवण्याची साधनं, सगळं त्यांच्याच गळ्यात. डॉक्टर अतिफ रहमान यांनी तिथे आधी बाळांचा अभ्यास केला. नैराश्यातल्या १६० आया आणि बऱ्या असलेल्या १६० आया, त्यांची बाळं वर्षभर पाहिली. जन्माचं वजन, घरची गरिबी हे सगळं जमेस धरूनसुद्धा नैराश्यातल्या आयांची बाळं जास्त कुपोषित होती आणि त्यांना हगवण जास्त वेळा लागत होती. हे २००४ चं. कारण उघड आहे. जिला उठून तोंड धुवायची इच्छा होत नाही ती वाटी-चमचा उकळून कसा घेईल? दर दोन तासांनी अंगावर कशी पाजेल? बाळाशी बोबडं कसं बोलेल?

मग त्यांनी लेडी हेल्थ वर्करना शिकवलं. किती दिवस शिकवलं असेल? दोन दिवस. चार महिन्यांनी आणखी एक दिवस. आणि दर महिन्याला अर्धा दिवस एकत्र बसून अडचणी बोलायच्या. या बाया शाळा शिकलेल्या होत्या, मानसशास्त्र नव्हे. त्यांनी ४० युनियन कौन्सिलांमधल्या, म्हणजे आपल्या मोठ्या ग्रामपंचायतीसारख्या भागांतल्या, ९०३ गरोदर बायकांबरोबर काम केलं. या सगळ्या नैराश्यात होत्या. निम्म्या भागांत लेडी हेल्थ वर्कर नव्या पद्धतीनं बोलत होत्या, बाकीच्या भागांत तितक्याच भेटी नेहमीच्या पद्धतीनं होत होत्या.

नवी पद्धत अशी. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यात दर आठवड्याला एक भेट. बाळंत झाल्यावर पहिल्या महिन्यात तीन. नंतर महिन्याला एक, नऊ महिने. एकूण १६ भेटी. पहिल्यांदा बोलायचं ते बाईच्या स्वतःच्या तब्येतीबद्दल, मग तिच्या आणि बाळाच्या नात्याबद्दल, मग आजूबाजूच्या माणसांबद्दल. हातात चित्रांची वही. बाई जे बोलते त्यातला खचवणारा विचार ओळखायचा, त्याच्या जागी दुसरा कोणता विचार बसू शकतो ते दोघींनी मिळून पाहायचं, आणि पुढच्या भेटीपर्यंत एक लहानसं काम करून बघायचं.

आपल्या बोलीत उदाहरण घेऊ. एखादी म्हणते, माझ्या नशिबातच नाही, हे पोर काही धड वाढायचं नाही. त्यावर असं बोलू नको, देव बघून घेईल, असं म्हणून उठायचं नाही. काल बाळानं काय केलं ते विचारायचं. काल तुझ्याकडे बघून हसलं ना? कधी हसलं? तू काय करत होतीस? मग उद्यापासून अंघोळीनंतर थोडा वेळ त्याला मांडीवर घेऊन बोलायचं, एवढंच ठरवायचं. पुढच्या खेपेला झालं का ते विचारायचं, नाही झालं तर का नाही झालं ते विचारायचं. रागवायचं नाही. चार चांगल्या गोष्टी सांगून येणं आणि हे काम, यात फरक आहे. हे काम शिकावं लागतं.

हा फरक आकड्यांत दिसला. सहा महिन्यांनी, नेहमीच्या भेटी मिळालेल्या बायांत शंभरात ५३ जणी अजून नैराश्यात होत्या. नव्या पद्धतीच्या भेटी मिळालेल्यांत २३. वर्षानं पाहिलं तेव्हा ५९ आणि २७. २००८ मध्ये हे जगासमोर आलं आणि पुढे जागतिक आरोग्य संघटनेनं या पद्धतीची पुस्तिका काढली. बाळांचं काय झालं? हगवण कमी झाली, लसी जास्त जणांच्या पूर्ण झाल्या, आईबाप दोघंही बाळाशी जास्त खेळू लागले. वजन-उंचीत मात्र वर्षभरात म्हणावा असा फरक पडला नाही. आणि तीच मुलं सात वर्षांची झाल्यावर पाहिलं, तर त्यांच्या वाढीत आणि बुद्धीत दोन्ही गटांत फरक नव्हता. हे आम्ही मुद्दाम सांगतो. आईचं मन सावरलं की बाळाचं सगळं आपोआप सुटतं, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. बाळाला आहार, स्वच्छ पाणी, दवाखाना, हे सगळं लागतंच.

आणखी एक गोष्ट आम्हाला विचारात पाडते. त्या खेड्यांत नैराश्य हा शब्द वापरला की सासू दार लावून घेई. म्हणून काम बाळाच्या नावानं केलं. बाळ नीट वाढावं म्हणून आम्ही सुनेशी बोलायला येतो, असं सांगितलं की सासूही येऊन बसे, नवराही ऐके. युक्ती चांगली आहे, आणि आपल्या गावांतही चालेल. पण आईचं दुःख दुःख म्हणून मोजलं जायला बाळाची शिफारस लागते, हे आम्हाला थोडं टोचतं.

बाळाच्या नावानं घरात शिरण्याची वाट आणखी एका देशानं आधीच चालून पाहिली होती. जमैका हे समुद्रातलं लहानसं बेट. १९८६ च्या सुमारास तिथल्या किंग्स्टन शहराच्या गरीब वस्त्यांत सॅली ग्रॅन्थम-मॅकग्रेगर यांनी खुरटलेल्या १२९ बाळांबरोबर काम सुरू केलं. काहींना पूरक आहार, काहींच्या घरी आठवड्याला एक तास खेळ शिकवायला येणारी आरोग्य सहायिका, काहींना दोन्ही, आणि काहींना यांतलं काहीच नाही. ती बाई बाळाशी स्वतः खेळून निघून जात नसे, आईला खेळायला लावत असे. खेळणी घरच्याच वस्तूंची. कोसबाडच्या बिया-शिंपल्यांची आठवण यावी अशी. दोन वर्षं हे चाललं. ती बाळं मोठी होऊन कमावती झाल्यावर पुन्हा शोधून काढली, तेव्हा ज्यांच्या घरी खेळाची ताई येत होती त्यांची कमाई सुमारे २५ टक्क्यांनी जास्त होती. नुसत्या आहाराचा परिणाम तेवढा टिकला नव्हता.

त्याच देशात २००५ मध्ये आणखी एक अभ्यास छापून आला. कुपोषित बाळांच्या १३९ आया. वर्षभर दर आठवड्याला अर्ध्या तासाची खेळाची भेट. भेट होती बाळासाठी, पण उदासी आईची कमी झाली. ज्या आयांच्या घरी वर्षात २५ पेक्षा कमी भेटी झाल्या त्यांना मात्र विशेष फायदा झाला नाही. आम्हा सहयोगिनींसाठी हा आकडा महत्त्वाचा आहे. महिला दिनाला एकदा आणि पोषण महिन्यात एकदा जाऊन हे काम होणार नाही.

आता आपल्या गटांच्या सगळ्यात जवळची गोष्ट. झारखंडमधलं चक्रधरपूर. डॉक्टर प्रशांत त्रिपाठी आणि निर्मला नायर यांनी २००२ मध्ये तिथे एकजुट नावाची संस्था काढली. पश्चिम सिंहभूम, सरायकेला-खरसावां आणि ओडिशातला केओंझर, असे तीन आदिवासी जिल्हे. दवाखाने लांब, रस्ते वाईट, जन्मल्या महिन्यात बाळ दगावणं नित्याचं. तिथे बचतीचे गट होते. बाया महिन्याला जमत, पैसे मोजत, वही लिहीत. त्याच बैठकीत बाळंतपणाबद्दल बोललं तर? एकूण २४४ गटांबरोबर काम झालं, त्यांतले बरेच आधीपासूनचे होते.

ही कल्पना आकाशातून पडलेली नव्हती. दक्षिण अमेरिकेत बोलिव्हिया देशाच्या डोंगराळ इन्क्विसिवी भागात १९९० नंतर बायकांच्या गटांनी असं काम केलं होतं. वार्मी हे त्याचं नाव, तिथल्या भाषेत वार्मी म्हणजे बाई. मग नेपाळमध्ये मकवानपूर जिल्ह्यात तसंच झालं. तिथून ही पद्धत झारखंडला आली.

गटात भाषण नव्हतं. गावातलीच एक बाई चित्रांची पत्ते घेऊन येई. मागच्या वर्षी आपल्या गावात कुणाचं बाळ गेलं, का गेलं, यावर गोष्टी, खेळ, नाटुकली. कुठल्या अडचणी मोठ्या, ते बायांनीच मतं देऊन ठरवायचं. मग उपाय ठरवायचे, ते करून बघायचे, आणि शेवटी काय जमलं नि काय नाही याचा हिशेब सगळ्या गावासमोर मांडायचा. २० बैठका, महिन्याला एक. यात मनाच्या आजाराचा उपचार कुठेच नव्हता. कुणाला गोळी दिली नाही, कुणाला समुपदेशन केलं नाही.

३६ भागांपैकी निम्म्यांत हे काम झालं. २००५ ते २००८ अशा तीन वर्षांत, गट नसलेल्या भागांच्या मानानं नवजात बाळांचे मृत्यू ३२ टक्क्यांनी कमी राहिले. शेवटच्या दोन वर्षांत तर ४५ टक्क्यांनी. आणि आयांची उदासी मोजली, तेव्हा पहिल्या दोन वर्षांत फारसा फरक नव्हता, पण तिसऱ्या वर्षी मध्यम स्वरूपाचं नैराश्य ५७ टक्क्यांनी कमी निघालं. २०१० मध्ये हे छापून आलं. करणाऱ्यांचं म्हणणं असं की बायांना एकमेकींचा आधार मिळाला आणि अडचण आली की ती सोडवायची सवय लागली, त्यामुळे हे झालं. आम्हाला ते पटतं. रात्री बाळाला ताप भरला तर गाडीचे पैसे गटाकडे आहेत आणि सोबत यायला बाई आहे, हे ज्या आईला ठाऊक आहे तिची झोप वेगळी असते.

मात्र तीन वर्षं लागली, हे विसरायचं नाही. आणि हे सगळीकडे जमलं असंही नाही. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत बायकांचे असेच गट केले, तिथे नवजात मृत्यूत फरक दिसला नाही. बांगलादेशात पहिल्या वेळी काहीच झालं नाही. तिथे एका गटाच्या वाट्याला १४०० हून जास्त माणसं येत होती. गट वाढवले, एका गटाला साधारण ३०० माणसं अशी वाटणी केली, तेव्हा नवजात मृत्यू कमी झाले. झारखंडात हे प्रमाण ४६८ ला एक होतं. २०१३ मध्ये अशा सगळ्या अभ्यासांचा एकत्र हिशेब झाला. त्यातून दिसलं की गावातल्या गरोदर बायांपैकी निदान शंभरात तीस जणी गटात येत असतील, तिथेच खरा परिणाम होतो.  गरोदर बाई बैठकीत बसली होती की नाही, हे महत्त्वाचं होतं.

आता आपल्या वह्या काढून बघू. आपल्या गटांत गैरहजेरीला दंड असतो. बाळंतिणीला बहुतेक ठिकाणी सूट असते आणि ती असायलाच हवी. पण सूट दिली की काय होतं? तिचे पैसे सासू किंवा जाऊ आणून देते. वहीत सही होते. सहा-आठ महिने तिचं नाव हजर आणि बाई गैरहजर. म्हापशाच्या अभ्यासात ज्या महिन्यांत आया खचलेल्या होत्या, नेमके तेच हे महिने. तरुण सुनेला तर मूल मोठं होईपर्यंत गटात घेतच नाहीत, कारण सासू आधीपासून सभासद आहे आणि एका घरातून एकच, असा नियम. झारखंडचं गणित धरलं तर आपल्या बैठकीत जिनं असायला हवं तीच बाहेर आहे.

काही गटांनी यावर मार्ग काढलाय. सभासद असो की नसो, गरोदर आणि बाळंत बाईला महिन्याच्या बैठकीला बोलावतात. बाळाला घ्यायला दोघी-तिघी तयार असतात, त्यामुळे ती थोडा वेळ हात मोकळे ठेवून बसते. जी येऊ शकत नाही तिच्या ओट्यावर बैठक नेतात. अंगणवाडी अंगणात गेली होती तशी.

गोव्यात याच्या पुढचं पाऊल पडलं. रावळपिंडीची पद्धत तिथल्या २८० गरोदर बायकांसाठी वापरली, पण आरोग्य सेविकांऐवजी वस्तीतल्याच, स्वतः आई असलेल्या बायांनी ती चालवली. त्यांना सखी म्हणत. पाकिस्तानातही तसंच झालं, तिथे त्यांना रझाकार, म्हणजे स्वयंसेविका म्हणत. गोव्यात ज्यांच्याकडे सखी गेली त्यांतल्या जास्त जणी सहा महिन्यांत बऱ्या झाल्या. हे निकाल २०१९ चे आहेत. यावर आमचं एक म्हणणं आहे आणि ते आम्ही तालुक्याच्या बैठकीतही मांडतो. गावची बाई हे काम करू शकते हे सिद्ध झालं, म्हणून ते फुकटात तिच्या अंगावर टाकू नये. आशाताईकडे आधीच रजिस्टरांचा ढीग आहे. सखी हवी असेल तर तिला शिकवायला हवं, दर महिन्याला तिच्याशी बोलणारी कुणी हवी, आणि मानधन हवं.

एक गोष्ट मात्र सखीनं किंवा गटानं एकटीनं सांभाळायची नाही. बाळंत झाल्यावर बाई भ्रमिष्टासारखी वागू लागली, कुणी दिसतं किंवा ऐकू येतं म्हणाली, रात्र रात्र जागी राहू लागली, किंवा स्वतःला अथवा बाळाला काही करीन असं बोलली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. तिला एकटी ठेवायचं नाही. बाहेरची बाधा म्हणून भगताकडे दिवस घालवायचे नाहीत. फोनवर बोलायचं असेल तर सरकारचा टेली-मानसचा क्रमांक १४४१६ आहे. तो दिवसरात्र चालू असतो, पैसे पडत नाहीत, मराठीतही बोलता येतं. हा क्रमांक गटाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

पुढच्या भागात आपण बाळाशी पहिल्या वर्षात कोणते खेळ खेळायचे ते बघणार आहोत. त्यासाठी घरातल्या रिकाम्या डब्या, झाकणं, जुन्या साड्यांचे तुकडे आणि जाड चिंचोके जमवून ठेवा. चिंचोके बाळाच्या तोंडात जाणार नाहीत असे डबीत घट्ट बंद करायचे आहेत. आणि ज्यांच्या गल्लीत बाळंतीण आहे, त्यांनी तिला घेऊन या.